डिव्हिलियर्स डच नव्हे, फ्रेंच

कुणीतरी म्हटलंय की दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेटपटूंची डिव्हिलियर्स, ड्यू प्लेसी ही आडनावं डच. माणसं आफ्रिकान्स, म्हणजे डचमधूनच निघालेली भाषा बोलणारी, हे खरं. पण आडनावं अस्सल फ्रेंच. प्रोटेस्टंटांना पूर्वी मिळालेली धर्मस्वातंत्र्याची सनद फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने 1685 साली रद्द केली आणि ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट मंडळी देशोधडीला लागली. त्यातली थोडी हॉलंडमार्गे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून 1688च्या आसपास दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत उतरली. डिव्हिलियर्स घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे फ्रान्समधल्या ला रोशेलकडचे तीन भाऊ, पिएर, अब्राहम आणि जाक, 1689 साली आलेले. यांना द्राक्षमळ्यांतलं कळतं अशी कंपनीने शिफारसच केली होती. केपमधल्या फ्रान्सहूकच्या खोऱ्यात तिघांच्या जमिनींची नावं काय, तर बुर्गोन्य, शांपान्य आणि ला ब्री, सगळी फ्रान्समधल्या मुलखांचीच! गाव सुटलं तरी नाव सुटत नाही.

मग फ्रेंच गेली कुठे? कंपनीने यांना मुद्दाम डच शेतकऱ्यांच्या अधेमधे वसवलं, शाळाही डचमधूनच. दोनेक पिढ्यांत घरातली भाषा संपली, आडनावं मात्र डच कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली गेली. क्रोनिएचं स्पेलिंग बदललं, व्हिलियोंचा तर पार फिल्यून झाला. (हा व्हिलियों 1671 सालीच आला होता, म्हणजे सगळे एकाच लाटेत आले असंही नाही.) लाबुशेन या आडनावाची गंमत अजून चालूच आहे: क्रिकेटपटू मार्नस लाबुशेन लहानपणी दक्षिण आफ्रिकेतून ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथे त्याच आडनावाचा उच्चार पुन्हा वेगळा झाला.