मदत हवी आहे : 'मदर इंडिया' नाशिकमध्ये पाहिलेल्या प्रेक्षकांच्या आठवणी

नमस्कार. मेहबूब खान यांचा १९५७ सालचा 'मदर इंडिया' नाशिक परिसरातील प्रेक्षकांच्या मनाला कसा भिडला, याच्या आठवणी मी गोळा करीत आहे. सावकाराच्या मुलीला पळवून नेणाऱ्या पोटच्या बिरजूवर राधा गोळी झाडते, त्या प्रसंगी आमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया आजही पदर डोळ्यांना लावतात. कॉलेजातील मुलांना मात्र बिरजूचाच कळवळा येतो आणि राधा साकारणाऱ्या नर्गिस यांचा अभिनय भडक वाटतो. मला तो मुळीच भडक वाटत नाही, कारण गोळी झाडणारी तीच बाई पुढच्या क्षणी त्याला कवटाळते.

आपल्या घरातील कोणी हा चित्रपट शहरातील जुन्या चित्रपटगृहात किंवा जत्रेतील तंबूत पाहिला असल्यास, प्रेक्षक कोणत्या प्रसंगी रडले आणि कोणाच्या बाजूने बोलले, हे कृपया विचारून कळवावे. ५०० रुपयांच्या कर्जापायी व्याज म्हणून पिकाचे चारपैकी तीन हिस्से सावकाराच्या घशात जातात, हे पाहताना निफाड, दिंडोरीकडील शेतकरी कुटुंबांना काय वाटले, हे मला विशेषकरून जाणून घ्यायचे आहे. आठवण त्यांच्याच शब्दांत लिहिलीत, तर फार उपकार होतील.