'ची'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली: चिनी वैद्यकावरच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. त्यातल्या 'ची' या चिनी शब्दाला इंग्रजीत जिथे तिथे 'व्हायटल एनर्जी' केलंय. मी 'प्राण' लिहिलं, संपादकांनी खोडून 'जीवनऊर्जा' केलं. आता वाक्य असं झालंय : 'यकृतातील जीवनऊर्जा तुंबल्याने चिडचिड होते.' वीज मंडळाचं पत्रक वाटतंय! मूळ चिनी शब्द ठेवावा तर 'चीची कमतरता', 'चीची गती'. काही सुचवा.

काढा_चाटण : 'प्राण' खोडला ते बरं झालं. आपल्याकडे प्राण हा पाच वायूंपैकी एक, त्याची जागा नि काम ठरलेलं. चिन्यांच्या चीचे प्रकार वेगळे. आईबापांकडून येते ती युआन, छातीत जमते ती झोंग, रक्ताबरोबर वाहिन्यांतून फिरते ती यिंग, आणि वाहिन्यांबाहेर, कातडीलगत पहाऱ्याला असते ती वेइ. 'प्राण' म्हटलं की वाचक लगेच अपान-व्यान शोधायला लागतो.

पोथीनिष्ठ : 'ऊर्जा' तर मुळात चिनी कल्पनाच नाही. सुलिए द मोरां नावाचा फ्रेंच गृहस्थ चीनमध्ये वकिलातीत होता. त्याचा अॅक्युपंक्चरवरचा ग्रंथ 1939 पासून निघू लागला, त्यात त्याने चीला 'एनर्जी' केलं. ची जिथून वाहते त्या वाहिन्यांना 'मेरिडियन' हा शब्दही त्याच्यामुळेच रुळला. ऊर्जा म्हटलं की ती ज्यूलमध्ये मोजता यायला हवी. ही कोणी मोजलेली नाही.

शांघायची_सून : आधी उच्चार सुधारा. तो 'छी'च्या जवळ आहे. आपला 'ची' तिकडे कोंबडीच्या शब्दासारखा ऐकू येतो. बाजारात मी स्वतः हसं करून घेतलंय. आणि हा शब्द काही वैद्यांच्या कपाटातला नाही, रोजचा आहे. हवामान म्हणजे तिएन-छी, आकाशाची छी. अंगातलं बळ ली-छी. माणूस चिडला की शंग-छी, छी उपजली. घशात आलुबुखाराची बी अडकल्यासारखं वाटतं, गिळली जात नाही, थुंकताही येत नाही, त्याला मेइ-ह-छी. तिथले वैद्य म्हणतात, मनात कोंडलेलं असतं.

काढा_चाटण : आपला आवंढाच की!

खमंग_फोडणी : हवा, बळ, राग, सगळं एकाच शब्दात? मग आपला 'दम' काय वाईट? दम लागतो, दम धरतो, पोरांना दम देतो, भाषणात दम नसतो. फारसीत दम म्हणजे श्वास. आणि बिर्याणीला दम देतो तो वाफेचा.

शांघायची_सून : थांबा! छीचं जुनं अक्षर बघा. वर वाफेची खूण, खाली तांदूळ.

खमंग_फोडणी : घ्या, बिर्याणीच!

पोथीनिष्ठ : मजा आहे, पण 'यकृताचा दम कोंडला' छापलंत तर लोक दम्याचं औषध मागतील. दम प्रस्तावनेत समजावायला घ्या, मजकुरात मूळ शब्दच ठेवा. 'यकृताची छी कोंडते'. 'तुंबते' नको, मोरी आठवते.

भाषांतरवाली : तसंच केलं. 'छी' म्हणजे काय हे दमाच्या उदाहरणांनी एक पानभर लिहिलं, पुढे सगळीकडे 'छी'. सकाळी संपादकांचा फोन : "बाई, पान अकरावर 'छी'च्या पुढे उद्गारचिन्ह राहिलंय का?"