लॉरी बेकर आणि आपला चिरा

विटांच्या जाळीच्या भिंतींसाठी ओळखले जाणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्यासारखी घरं कोकणात बांधावीत का, अशी चर्चा निघाली, तेव्हा ‘बेकरची घरं केरळात ठीक, कोकणात टिकायची नाहीत,’ असं एक दादा म्हणाले. अर्धं पटलं. विटांच्या जाळीची भिंत पश्चिमेला ठेवलीत तर आषाढात घरातच पागोळ्या लागतील! ती पूर्वेला नाहीतर पडवीच्या आत ठेवावी. पण बेकर म्हणजे फक्त जाळी नव्हे.

हा माणूस १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मला, कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आला आणि इथलाच झाला. सोळा वर्षं हिमालयातल्या पिथोरागडला काढली, मग केरळ. पाच मैलांच्या आत मिळेल त्यातूनच घर बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. आता सांगा, आपल्याकडे पाच मैलांत काय मिळतं? चिरा, म्हणजे जांभा दगड! आणि आपण काय करतो? चांगल्या चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा थापून वर गुलाबी रंग देतो.

दुसरं, फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळ्या घेतात, तिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. म्हणून सळ्यांच्या चौकटीत कौलं बसवून वर काँक्रीट ओतायचं. सिमेंट वाचतं, वजन घटतं. जुनं घर उतरवताना मंगलोरी कौलं फुकापासरी जातात, ती इथे कामी येतील. गवंडी कुरकुर करणार हे नक्की. सळ्यांचं अंतर मात्र इंजिनिअरकडूनच काढून घ्या.