कन्नड सुनेसोबत बघायला मराठी सिनेमे सुचवा (आणि मला समजतील असे कन्नडही)

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची, शहापूर भागात राहते. यंदा मुलाचं लग्न झालं. सून बैलहोंगलकडची, शिक्षण सगळं कन्नडमधून. मराठी तिच्या कानावरचं आहे, पण कुणी भराभर बोलू लागलं की सुटतं. माझं कन्नड बाजारापुरतं. रविवारी जेवणं उरकली की आम्ही दोघी टीव्हीपुढे बसतो, एका रविवारी मराठी सिनेमा, दुसऱ्या रविवारी कन्नड. ही सवय मला मोडू द्यायची नाही, आणि माझ्याजवळची नावं संपत आली आहेत.

आधी काय जमलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आमच्या घरात सगळ्यांना पाठ. तिला माणसं आवडली, साड्या नेसलेले दोघे बघून हसलीही. पण त्या सिनेमाची सगळी मजा बोलण्यात. दर दोन वाक्यांनी थांबवून सांगावं लागलं, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाला हसू कुठून येणार? 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) मात्र मला एकदाही थांबवावा लागला नाही. फाळके कुंडीतलं रोप रोज थोडं थोडं कॅमेऱ्यात टिपतात आणि मग पडद्यावर ते सरसर वाढतं, तिथे ती चक्क पुढे सरकून बसली. बायकांची कामं करणारे पुरुष मिशा काढायला तयार होत नाहीत, तेही तिला आपसूक कळलं. 'श्वास'चं (२००४) तसंच. ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात, तिथे अरुण नलावडेंचा चेहरा पुरतो.

'उंबरठा' (१९८२) लावला तेव्हा गिरीश कार्नाड दिसताच ती म्हणाली, "अत्ती, हे तर आमचे धारवाडचे!" त्या दिवशी सिनेमापेक्षा नंतरचं बोलणं जास्त चाललं. सुलभाने घर सोडून नोकरीवर जावं की नाही? मी सासूची बाजू घेईन असं तिला वाटलं असावं. मी सुलभाच्याच बाजूची. स्मिता पाटीलसारखं काम आजही कुणी करत नाही, असं माझं ठाम मत आहे.

'सैराट' (२०१६) तिला नवा नव्हता, तिने कन्नडमधला 'मनसु मल्लिगे' (२०१७) आधीच पाहिला होता. दोन्हीत रिंकू राजगुरूच. पण करमाळ्याकडचं ते रान, ती विहीर कन्नडमध्ये नाही उतरली, असं तीच म्हणाली. शेवटच्या मिनिटांना तर भाषाच लागत नाही.

तिने मला दाखवलेल्यांत सगळ्यात वर 'नागरहावु' (१९७२). चित्रदुर्गचा किल्ला, तापट रामाचारी झालेले विष्णुवर्धन, आणि त्याच्यावर जीव लावणारे चामय्या मास्तर. के. एस. अश्वत्थ यांनी ते मास्तर असे उभे केलेत की राग कुणावर धरावा तेच कळत नाही. शिष्याचं भलं करायला जातात आणि त्याच्या आयुष्याचंच वाटोळं होतं. मग पुढच्या रविवारी मी मुद्दाम 'पिंजरा' लावला. तोही १९७२चाच, तिथेही मास्तरच, आणि तिथे वाटोळं होतं ते मास्तरांचं स्वतःचं. एकाच वर्षी दोन्ही भाषांत आदर्श मास्तर घेऊन असे सिनेमे निघावेत, याचं मला फार नवल वाटलं. 'कांतारा'चा (२०२२) शेवट आवडला, पण किनारपट्टीचं बोलणं तिलाही कान देऊन ऐकावं लागलं. 'केजीएफ' मुलगा लावतो, मला तो नको. आवाजानेच डोकं उठतं.

तर असे सिनेमे सुचवा, ज्यांचा भार बोलण्यापेक्षा प्रसंगांवर आणि चेहऱ्यांवर आहे. जुने-नवे दोन्ही चालतील. आणि मराठी सिनेमांना कन्नड सबटायटल्स कुठे मिळतात का? इंग्रजी वाचेपर्यंत वाक्य निघून जातं.

प्रतिसाद, निपाणीहून:
ताई, 'वळू' (२००८) लावा. मोकाट सुटलेला बैल आणि त्याच्यामागे धावणारं गाव, समजावायला काही नाहीच. 'जैत रे जैत'ही (१९७७) बघा. महानोरांचे शब्द निसटले तरी हृदयनाथांचं संगीत आणि स्मिता पाटील आहेतच. कन्नडमध्ये गिरीश कासरवळ्ळींचा 'गुलाबी टॉकीज' (२००८) तुम्हा दोघींसाठीच आहे. सिनेमावेडी सुईण, तिच्या घरी टीव्ही येतो आणि कोळीवाड्यातल्या बायका तिथे जमू लागतात. उमाश्रींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

प्रतिसाद, खानापूरहून:
'तिथि' (२०१५) जरूर बघा. मंड्याकडच्या खेड्यातले साधे लोक घेऊन केलाय, कसलेला नट एकही नाही. बोली तिकडची आहे, पण गड्डप्पा दिवसभर नुसता फिरत असतो, त्याला बघत राहिलं तरी पुरे. सबटायटल्सचं म्हणाल तर प्रत्येक सिनेमाच्या भाषांच्या यादीत आधी बघून घ्या, बहुतेक ठिकाणी इंग्रजीच असतात. आम्ही घरी थांबवत थांबवतच बघतो.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. या रविवारी पाळी कन्नडची, 'गुलाबी टॉकीज' लावते. 'वळू' त्याच्या पुढच्या रविवारी. आणखी नावं येऊ द्यात.