मदत हवी आहे: गळाच्या शिशात जस्त मिसळलं तर चालतं का?

खडकावरचा:

नमस्कार मंडळी,

गळाला बांधायची शिशाची वजनं मी घरीच ओततो. गळ टाकायचा तो खडकांवरून, त्यामुळे शिशाचे हाल होतात. कपारीत आपटून ते चेपतं, आणि वरचं भोक एकदा दबलं की त्याच्या कडेवर दोरा घासून तुटतो. म्हणून जरा कडक शिसं हवं आहे.

सध्या जुन्या व्हील वेटची, म्हणजे गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात त्या वजनांची, एक बादली हाती लागली आहे. त्यात रिमला अडकवायची क्लिपवाली आहेत, चिकटवायच्या पट्ट्या आहेत, सगळी सरमिसळ. काहींवर ‘झेडएन’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे ती जस्ताची. आमच्या एका मित्राचं म्हणणं असं की जस्त शिशापेक्षा कठीण, मग निवडत कशाला बसतोस, जाऊ दे थोडं आत, शिसं आपोआप कडक होईल. वरकरणी पटतं, पण इतकं सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं असतं, नाही का?

तर, जस्त मुद्दाम घालावं का? घालायचं नसेल तर ओळखून बाजूला कसं काढायचं? माझ्याकडे विजेवरचं भांडं, थर्मामीटर आणि ॲल्युमिनियमचे साचे आहेत. काम उघड्यावरच करतो.

मूस_आणि_पळी:

घालू नका. सविस्तर रात्री लिहितो, तोवर ती बादली वितळवू नका एवढंच.

टोकदार:

मित्राला सांगा, दोन धातू एका भांड्यात घातले म्हणजे त्यांचा मिश्रधातू होतोच असं नाही. :)

मूस_आणि_पळी:

हं, आता लिहितो.

शिसं आणि जस्त यांचं मुळात जमत नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, शुद्ध जस्त ४१९ अंशांना. दोन्ही वितळवून कितीही ढवळा, शिसं थोडंसंच जस्त विरघळवून घेतं. साधारण ४१८ अंशांना दोन टक्क्यांच्या आसपास, आणि शिसं गोठायला येईपर्यंत जेमतेम अर्धा टक्का. बाकीचं हलकं म्हणून वर येतं. जस्ताची घनता ७.१, शिशाची ११.३. हा गुण माणसाने वापरूनही घेतला आहे. अलेक्झांडर पार्क्सने १८५० साली याच्यावरच शिशातली चांदी काढायची पद्धत बसवली. वितळलेल्या शिशात जस्त घालायचं, चांदी शिसं सोडून जस्ताच्या मागे जाते, आणि वर तरंगणारा थर काढून घ्यायचा. ज्या जोडीचा उपयोगच ती वेगळी होते म्हणून आहे, तिच्याकडून कडकपणा कुठून मिळणार?

बरं, जो अर्धा टक्का आत राहतो तोसुद्धा निमूट बसत नाही. जस्ताला हवेतला प्राणवायू लगेच धरतो. वितळलेल्या धातूवर चिवट पापुद्रा येतो, कितीही मळी काढली तरी पुन्हा येतो. त्या पापुद्र्यामुळे धातू साच्याच्या कोपऱ्यात शिरायला तयार होत नाही. कडा बोथट येतात, अंगावर सुरकुत्या पडतात. जस्त जास्त झालं की भांड्यात रवाळ लापशी दिसते, आणि पळी घातली की गोळे वर येतात. ज्याने एकदा ते पाहिलं तो पुढे प्रत्येक व्हील वेट वळवून बघतो.

बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणारी परदेशातली हौशी मंडळी जस्ताच्या नावाने खडे फोडतात ते यासाठीच. आपल्या गळाच्या शिशाला तेवढी नेमकी कड लागत नाही हे खरं, पण भांडं खराब व्हायचं ते होतंच.

खडकावरचा:

एवढं तपशिलात सांगितल्याबद्दल आभार दादा. मग कडकपणासाठी काय घालू? कथील महाग पडतं.

मूस_आणि_पळी:

कडकपणा अँटिमनी या मूलद्रव्याने येतो. कथलाने मुख्यतः साचा नीट भरतो, आणि गळाच्या शिशाला त्याची गरज नाही. अँटिमनी वेगळं आणूही नका, ते ६३० अंशांना वितळतं, घरच्या भांड्याचं ते काम नव्हे. आणि तुमच्या बादलीत ते आहेच! शिशाची जी क्लिपवाली वजनं असतात त्यांत साधारण दोन ते चार टक्के अँटिमनी असतं. चिकटवायच्या पट्ट्या बहुतेक मऊ, जवळजवळ शुद्ध शिशाच्या. ब्रिनेल या कडकपणाच्या मापाने शुद्ध शिसं पाचच्या आसपास, क्लिपवालं त्याच्या दुपटीच्या घरात. तेव्हा नुसती क्लिपवाली वेगळी वितळवा, काम झालं.

जाळंवाली:

मध्येच बोलते. खडकावरचा, तुमचा त्रास शिशाच्या मऊपणाचा वाटतच नाही मला. दोरा थेट शिशाच्या भोकातून ओवता म्हणून तो तुटतो. साच्यात स्टेनलेस तारेचा फासा ठेवून वरून शिसं ओता, तारेची दोन्ही टोकं आत खोल जाऊ द्या. दोरा तारेला बांधायचा. मग शिसं चेपलं तर चेपू दे. आमच्याकडे वर्षानुवर्षं मऊ शिसंच वापरतात.

खडकावरचा:

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं! साच्याला खाच पाडून बघतो. पण बादली निवडायचीच आहे, तर जस्त ओळखायचं कसं ते सांगा. सगळ्यांवर अक्षरं नाहीत. काहींवर रंगाचा थर आहे.

टोकदार:

आधी लोहचुंबक फिरवा, लोखंडाची चिकटतील. शिशाच्या वजनांच्या क्लिपाही लोखंडी असतात, म्हणून क्लिप नव्हे तर अंग चिकटतंय का ते बघा. उरलेल्यांना साइड कटरने चिमटा. शिशात पातं सहज रुततं, जस्तावर घसरतं, फार तर बारीक ओरखडा येतो. फरशीवर टाकून आवाजही ऐका, शिसं थप्प पडतं, जस्त खणखणतं. हात बसला की कटरही लागत नाही.

मूस_आणि_पळी:

तरीही शंका राहिली तर रंग खरवडून उघड्या धातूवर फरशीच्या ॲसिडचा एक थेंब. जस्तावर लगेच बुडबुडे येतात, शिशावर काही होत नाही. हातमोजे, चष्मा घालून, आणि तो तुकडा धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय भांड्याजवळ न्यायचा नाही. ओला तुकडा वितळलेल्या शिशात बुडाला की पाण्याची एका क्षणात वाफ होते, आकारमान हजार पटींहून जास्त वाढतं आणि सगळा धातू अंगावर उडतो. समुद्रातून परत आणलेली जुनी शिसं वितळवताना तर विशेष जपा, भेगांत पाणी असतं. गार भांड्यातच भरा आणि मग तापवा.

निवडूनही एखादं जस्ताचं वजन निसटतं, म्हणून तापमान ३५० ते ३६० च्या वर नेऊ नका. शुद्ध जस्ताला ४१९ लागतात हे डोक्यात ठेवून लोक निर्धास्त ४०० वर नेतात. पण ही वजनं पुष्कळदा जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात, आणि तो ३८० ते ३९० मध्येच सुटतो. कमी तापमानावर ती तशीच तरंगतात, क्लिपांबरोबर काढून टाका. लगेच काढा पण. न वितळलेलं जस्तही गरम शिशात पडून राहिलं तर हळूहळू विरघळतं.

घरगुती_लोहार:

एवढं कशाला घाबरायचं? जस्त पडलंच तर गंधक टाका, सगळं मळीत येतं. मी केलंय.

मूस_आणि_पळी:

भाऊ, तापलेल्या भांड्यात गंधक पेट घेतं आणि त्याचा धूर छातीत बसतो. घराच्या आवारात हे कुणाला सुचवू नका. शुद्धीकरणाच्या कारखान्यात उरलेलं जस्त निर्वात भांड्यात उडवून किंवा क्लोरीनने काढतात, ते आपल्या आवाक्यातलं नाही. घरी एवढंच करता येतं: ढवळायचं थांबवून शिसं गोठायच्या किंचित वरपर्यंत सावकाश निववायचं, वर आलेला जाड थर काढायचा. अर्धा टक्का तरी उरतोच. त्या धातूची साधी, ढोबळ आकाराची वजनं होतील, साचा नेहमीपेक्षा गरम ठेवावा लागेल.

जाळंवाली:

आणि धुराचं कुणीच बोललं नाही. जस्ताची पांढरी वाफ नाकात गेली तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत उतरतो. शिशाचं तसं नाही, ते कळतही नाही आणि शरीरात साठत जातं. धुरापेक्षा वाळलेल्या मळीची भुकटी जास्त वाईट. ती झाकणाच्या डब्यात ठेवा, कपडे वेगळे धुवा, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका. घरात लहान मुलं असतील तर मुलांना त्या जागेवर फिरकू देऊ नका. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही.

खडकावरचा:

घरात लहान पोरं आहेत. ओतकामाची जागा कुलपाच्या शेडमध्ये हलवतो, तिच्या दोन्ही बाजू उघडता येतात. शेवटचं विचारतो, जुन्या बॅटरीतल्या प्लेटा पण आहेत थोड्या. त्या चालतील का? आणि निघालेल्या जस्ताचं काय करू, त्याचीच वजनं ओतू का?

मूस_आणि_पळी:

बॅटरीला हात लावू नका. आम्ल तर आहेच, शिवाय प्लेटांच्या जाळीत कॅल्शियम, अँटिमनी, आर्सेनिक असतं. त्या वितळवून निघालेल्या मळीला नंतर ओल लागली तर आर्साइनसारखा विषारी वायू सुटू शकतो. बॅटरी जिथे परत घेतात तिथेच द्या.

जस्ताची वजनं ओतता येतात, पण त्याच साच्यातून १०० ग्रॅमच्या जागी ६३ ग्रॅमच मिळतील आणि ओढीला गळ तळाशी ठरणार नाही. खाऱ्या पाण्यात पांढरी भुकटीही धरतं. शिवाय वितळलेलं जस्त लोखंडी भांडं खातं. वेगळ्या पिशवीत भरून, जस्त असं लिहून, भंगारात द्या.