आंतरराष्ट्रीय कायदा गप्पांत आणावा का? (चर्चा धागा)

गोदाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नाशिकला व्याख्यानांची कमी नाही. उन्हाळ्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, एरवीही परिसंवाद चालूच असतात. तरी माझं ठाम मत आहे की आंतरराष्ट्रीय कायदा लोकांपर्यंत न्यायचा असेल तर तो गप्पांतूनच जाईल. व्याख्यानात प्रश्न शेवटी विचारायचे असतात. ज्याला विसाव्या मिनिटाला अडलं, तो पुढची चाळीस मिनिटं नुसता बसून राहतो.

आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर जमतो. दोन वकील, एक निवृत्त बँकवाले, शिक्षक, दोन-तीन बागायतदार. एका बैठकीला एकच विषय, आणि कोणीही कुणालाही मध्येच थांबवायचं.

तांबड्या समुद्राच्या बैठकीला मी तयारी करून गेलो होतो. १९८२चा समुद्र कायदा करार, सामुद्रधुनीतून जाण्याचा जहाजांचा हक्क, नोव्हेंबर २०२३ पासूनचे येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवरचे हल्ले, ते थांबवायला सांगणारा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा जानेवारी २०२४चा ठराव. बोलायला सुरुवात केली तोच दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराने थांबवलं. "माझा कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेला. माल उशिरा पोचला, भाडं जास्त बसलं. हे वसूल कोणाकडून करायचं?"

पुढचा सगळा वेळ यातच गेला. समुद्र कायदा करार देशांना बांधतो, हुथी म्हणजे देश नव्हे. धोका दिसला तर मार्ग बदलायची मुभा जहाज कंपनीने वाहतुकीच्या करारात आधीच घेतलेली असते. मालाचा नेहमीचा विमा उशिरामुळे झालेलं नुकसान भरून देत नाही. म्हणजे वसुली कोणाकडूनच नाही. त्यावर त्याने विचारलं, "मग हा कायदा आहे तरी कोणासाठी?" आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास खरं तर याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवा, आणि व्याख्यानात तो कोणी विचारत नाही.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर आधी सांगा.

जुने_मास्तर

विरोधी आहे. मी बरीच वर्षं कायदा शिकवला. गप्पांत कायदा सोपा होतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो पातळ होतो.

पाकिस्तानने हेर ठरवून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचा खटला घ्या. १७ जुलै २०१९ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला. आपल्याकडे पेढे वाटले गेले. भारताचे वकील हरीश साळवेंनी एक रुपया फी घेतली हे आजही सगळ्यांच्या तोंडी आहे. पण निकालात काय होतं? पाकिस्तानने भारतीय वकिलातीला जाधवांना भेटू दिलं नाही, हा १९६३च्या व्हिएन्ना कराराचा भंग ठरला. शिक्षेचा फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असा आदेश झाला. शिक्षा रद्द करा, त्यांना सोडा, या भारताच्या मागण्या न्यायालयाने मान्य केल्या नाहीत. कट्ट्यावर मात्र "आपण केस जिंकलो" एवढंच शिल्लक राहिलं. माणूस अजून परत का आला नाही, हे मग लोकांना कळेनासं होतं.

दुसरं उदाहरण गाझाचं. दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध केलेल्या दाव्यात २६ जानेवारी २०२४ला त्याच न्यायालयाचा अंतरिम आदेश झाला. नरसंहाराची कृत्यं होऊ देऊ नका, मदत पोचू द्या, असं न्यायालयाने सांगितलं. युद्धबंदीचा आदेश दिला नाही आणि नरसंहार झाला की नाही हेही ठरवलं नाही. तरी त्या आठवड्यात एक म्हणे इस्रायल दोषी ठरला, दुसरा म्हणे सुटला. पुढे नोव्हेंबरमध्ये नेतान्याहूंच्या अटकेचं वॉरंट निघालं, ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं. ते न्यायालय वेगळं आहे, व्यक्तींवर खटले चालवतं आणि भारत त्याचा सदस्यही नाही. दोन्ही हेगलाच आहेत म्हणून लोक सर्रास एकाचं दुसऱ्याला जोडतात.

आधी आदेश वाचा, मग बोला. वाचल्याशिवाय गप्पा नकोत.

निफाडचा_बागायतदार

सर, तुमचा मान राखून बोलतो. आधी वाचा म्हणालात, पण काय वाचायचं हे आम्हाला कोण सांगणार? आमच्याकडे कायदा बातमी होऊन येत नाही, बाजारभाव होऊन येतो.

२०१०ला युरोपात आपली द्राक्षं अडकली. क्लोरमेक्वाटचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात आणि आम्ही ज्याला सीसीसी म्हणतो त्या औषधाचे अंश तिकडच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. बागायतदारांचे हाल झाले. तेव्हा गावात सगळे म्हणायचे, गोऱ्यांनी मुद्दाम केलं. बाहेरच्या मालाला किती कडक मर्यादा लावायची याचा जागतिक व्यापार संघटनेत एक करार आहे, शास्त्रीय आधार असेल तर देशाला कडक मर्यादा ठेवता येते आणि आधार नसेल तर दुसऱ्या देशाला भांडता येतं, हे मला फार उशिरा एका निर्यातदाराने सांगितलं. तेही पॅकहाऊसमध्ये, क्रेट भरता भरता. कुठल्या व्याख्यानात नाही.

आता कांदा. डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली. लाल कांद्याचा हंगाम. उन्हाळ कांदा चाळीत ठेवता येतो, लाल टिकत नाही. काढला की विकायचाच. लासलगावला लिलाव बंद पाडले, रस्त्यावर बसलो. मे २०२४ला बंदी उठली, पण वर टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के निर्यातशुल्क. माझा साधा प्रश्न, हे असं करायला जागतिक नियम परवानगी देतो का?

गोदाकाठ

भाऊ, निर्यातीवर बंदी घालणं जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत साधारणपणे मना आहे. अपवाद आहे: देशात अन्नाची गंभीर टंचाई असेल किंवा ती टाळायची असेल, तर तात्पुरती बंदी चालते. टंचाई खरंच होती का, यावर वाद घालता येतो. शुल्काचं मात्र वेगळं. निर्यातशुल्क त्या मनाईत बसतच नाही. म्हणजे तुमच्या खळ्यावर बंदी आणि जबर शुल्क दोन्हींचा परिणाम सारखाच, कायद्याच्या नजरेत दोन निराळ्या गोष्टी.

मास्तर, हा फरक आमच्या गच्चीवर कोणी विसरणार नाही. कारण तो विचारणाऱ्याच्या खिशातून निघाला.

सिडको_स्पष्टवक्ता

आणि फरक कळून उपयोग काय? शेतकऱ्याला जागतिक व्यापार संघटनेत दाद मागता येते का? नाही. तिथे फक्त सरकारं भांडतात, आणि बंदी घालणारं सरकार आपलंच. दुसऱ्या देशाने तक्रार केलीच तर तिथलं अपिलाचं मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्या.

बळी तो कान पिळी, एवढाच आंतरराष्ट्रीय कायदा. मध्य अमेरिकेतल्या छोट्या निकाराग्वाने १९८६ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अमेरिकेविरुद्ध केस जिंकली, निकाल पाळायला सांगणारा ठराव अमेरिकेने सुरक्षा परिषदेत नकाराधिकाराने पाडला. दक्षिण चीन समुद्राबद्दल २०१६ला लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला, चीनने तो मानायलाच नकार दिला. नसलेली ताकद असल्याचं लोकांना पटवण्यात रविवार का घालवायचे?

गोदाकाठ

तुमची तिन्ही उदाहरणं खरी आहेत आणि ती आमच्या बैठकीत यायलाच हवीत. पण चौथं ऐका. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेशचा सागरी हद्दीचा वाद होता. जुलै २०१४ला लवादाने सुमारे २५,६०० चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकी साडेएकोणीस हजार बांगलादेशला दिलं. भारत कितीतरी मोठा देश, तरी निकाल मानला. त्यावर आपल्याकडे एक मोर्चा निघाला नाही, कारण फारसं कोणाला माहीतच नव्हतं.

आणि कायदा फक्त निकालातून येतो असंही नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आज महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असते. तिचं मूळ १९९७च्या विशाखा निकालात आहे. देशात तेव्हा त्यावर कायदा नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने महिलांवरील भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. २०१३चा कायदा त्यानंतरचा. सहीपुरता वाटणारा करार असा दारात येऊन उभा राहतो.

पंचवटीची_लेक

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०१९ला दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी वर्गात एक प्रश्न धरला: हवामान बदलाबद्दल देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारलं तर? वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाच्या सरकारने तो उचलला, २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ला न्यायालयाने एकमताने मत दिलं. मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही, हे मास्तरांनी सांगायच्या आधी मीच सांगते. पण सुरुवात बोलण्यातूनच झाली.

गोदाकाठदादांना मात्र एक विचारायचं आहे. तुमच्या गच्चीवर बायका किती येतात? तुम्ही दिलेल्या यादीत मला एकही दिसली नाही. गप्पा सगळ्यांसाठी असतात असं म्हणणं सोपं आहे. गच्चीपेक्षा वाचनालयात बसलात तर मी मैत्रिणींना घेऊन येईन.

जुने_मास्तर

मुलीने मुद्द्याचं विचारलं. माझी खरी भीती अजून सांगायची राहिली आहे. विषय तापला की गप्पांत कायदा उरत नाही, बाजू उरतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ला भारताने पाकिस्तानशी असलेला सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला. मी एका घोळक्यात एवढंच म्हणालो की १९६०च्या त्या करारात एकतर्फी बाहेर पडायचं कलम नाही, तो बदलायचा किंवा संपवायचा तर दोघांच्या संमतीने. मला लगेच विचारलं गेलं, तुम्ही कोणाच्या बाजूचे? वर्गात हे होत नाही.

गोदाकाठ

मास्तर, म्हणूनच तुम्ही यायला हवं. पाण्याच्या बाबतीत नाशिककराला समजावणं सोपं आहे. जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपण वरचे असतो, आंदोलनं करतो, कोर्टात जातो. खालचा मराठवाडा समन्यायी वाटपाचा नियम दाखवतो. वरच्याचा हक्क कुठे संपतो हा वाद आपण घरातच अनुभवलाय. तिथून सुरुवात केली तर सिंधूबद्दल शांतपणे बोलता येतं. हल्ल्याचा राग खरा आहे, त्याला उत्तर द्यायचा देशाचा हक्कही खरा आहे, आणि करारात काय लिहिलंय हेही खरं आहे. तिन्ही एकाच बैठकीत मांडता आली पाहिजेत.

वाचनालयाचं पटलं. या आठवड्यात जागेचं विचारतो.

जुने_मास्तर

येईन. पण मूळ आदेशाची प्रत समोर नसेल तर तोंड उघडणार नाही. आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला न्यायालयाने काय ठरवलेलं *नाही* ते आधी सांगायचं. हे मान्य असेल तर बोला.

निफाडचा_बागायतदार

सर, ती प्रत असते इंग्रजीत नाहीतर फ्रेंचमध्ये. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता मराठीत मिळायला लागलेत, हेगचे कोण देणार? तुम्ही शेवटचं पान मराठीत करून आणा, झेरॉक्स मी काढतो. पहिला विषय निर्यातशुल्क घ्या. ऑक्टोबर छाटणीच्या आधीचा रविवार धरा, नंतर मला बाग सोडता येणार नाही.