सांस्कृतिक उद्योग मोजतात तरी कसे? आणि मोजून धोरणात काय फरक पडतो?

कोरा_कागद:
नमस्कार मंडळी. एमएच्या प्रोजेक्टसाठी विकसनशील देशांतल्या सांस्कृतिक उद्योगांवर (सिनेमा, संगीत, हस्तकला वगैरे) वाचतेय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. युनेस्कोचा २०२२ चा अहवाल म्हणतो की जगाच्या जीडीपीत या क्षेत्राचा वाटा ३.१ टक्के आणि रोजगारात ६.२ टक्के. बरं, ठीक. पण एकाच देशावरचे दोन अहवाल शेजारी ठेवले की आकडे जुळतच नाहीत, एकात वाटा किरकोळ आणि दुसऱ्यात शेतीच्या बरोबरीला नेऊन बसवलेला. गाईड म्हणतात "व्याख्या बघ", पण व्याख्याच चार मिळाल्या. प्रश्न दोन आहेत: असं का होतं, आणि ज्या देशाकडे पैसा कमी, आकडेवारी खात्यात माणसं कमी, त्याने आधी काय मोजावं म्हणजे धोरण ठरवायला खरंच कामी येईल?

जुना_हिशेबी:
गाईड बरोबर सांगतायत, पण अर्धंच. ब्रिटनने १९९८ मध्ये जी यादी केली त्यात १३ क्षेत्रं होती आणि त्यात सॉफ्टवेअर आणि जाहिरात होती, संग्रहालयं नव्हती. युनेस्कोच्या २००९ च्या चौकटीत उलटं, वारसा आणि संग्रहालयं आत, व्हिडिओ गेम आत, पण बाकीचं सॉफ्टवेअर बाहेर. आणि वायपो (बौद्धिक संपदेची जागतिक संघटना) मोजतं ते कॉपीराइटवर चालणारे उद्योग, त्यात गाभ्यातले उद्योग एकीकडे आणि मग कपडे, फर्निचर, दागिने असले 'अंशतः' उद्योग, त्यांचा काही टक्केच भाग धरायचा. तो टक्का कोण ठरवतं? दर देशाचा अभ्यास करणारी टीम. वर वाहतूक आणि दुकानदारीचाही थोडा हिस्सा जोडतात. आता ज्या देशात आयटी कंपन्या जोरात आहेत तिथे सॉफ्टवेअर आत घेतलं की वाटा फुगणारच ना, आणि मंत्री भाषणात फुगलेलाच आकडा वापरणार, कारण तोच कामाचा असतो 🙂

दुसरी गोची म्हणजे काही जण उलाढाल मोजतात आणि तिची टक्केवारी जीडीपीशी काढतात. हे साफ चूक. स्टुडिओचं बिल निर्मात्याच्या खर्चात आणि निर्मात्याचं बिल वितरकाच्या खर्चात, एकच पैसा तीनदा मोजला जातो. मूल्यवर्धन बघायचं, म्हणजे विक्रीतून बाहेरून घेतलेल्या माल-सेवांचा खर्च वजा करून जे उरतं ते. अहवाल हातात आला की आधी हेच तपास.

रानवाट:
+१. मी रोजगाराच्या पाहण्यांच्या कामात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे त्या बाजूचं सांगतो. श्रमशक्ती पाहणीत (कोण काय काम करतं हे लोकांना विचारणारी सरकारी पाहणी) प्रश्न असतो मागच्या ७ दिवसांचा. समजा एक वादक आहे, त्याचं वाजवण्याचं काम हंगामी, बाकी वर्ष बांधकामावर मजुरी. पाहणीवाला हंगाम सोडून दाराशी गेला की वादक झाला बांधकाम मजूर, संपला विषय. दुय्यम काम विचारायचा रकाना असतो बऱ्याच ठिकाणी, पण मुलाखत लांबली की तोच सगळ्यात आधी गुंडाळला जातो (हे कोणी कबूल करत नाही).

नंतर कोडिंग, म्हणजे प्रत्येक उत्तराला ठरलेला आकडा देणं. आंतरराष्ट्रीय उद्योग वर्गीकरणात विणकाम म्हणजे १३१२, त्यात हातमागवालाही आला आणि मोठी गिरणीही. त्यात कित्येक देश दोनच अंकांपर्यंत कोड करतात, मग फक्त १३ उरतं, म्हणजे अख्खा कापडधंदा. तिथून हस्तकला कशी वेगळी काढणार, कप्पाळ? म्हणून उद्योगाचा कोड आणि व्यवसायाचा कोड दोन्ही लागतात, कारण मोटार कंपनीतला डिझायनर उद्योगाच्या कोडने सापडत नाही आणि नाट्यगृहातला अकाउंटंट व्यवसायाच्या कोडने सापडत नाही. दोन्ही चार अंकी. खर्च फार नाही हो, ट्रेनिंग लागतं.

तिरपागडा:
एवढं मोजून करायचंय काय राव? नायजेरियाचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी जीडीपीचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि रचना धरून हिशेब करतात ते) १९९० वरून २०१० वर आणलं, सिनेमा-संगीत वेगळं क्षेत्र म्हणून धरलं, टेलिकॉम नीट मोजलं, आणि २०१३ चा जीडीपी ८९ टक्क्यांनी वाढून ५१० अब्ज डॉलर्सच्या घरात गेला, दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून आफ्रिकेत पहिला नंबर. लोकांच्या खिशात एक नायराही वाढला नाही. आणि त्यात सिनेमा-संगीत दीड टक्क्याच्याही आत, गाजावाजा मात्र नॉलीवूडचा, म्हणजे तिथल्या सिनेमाधंद्याचा.

जुना_हिशेबी:
तिरपागडा, गाजावाज्याचं मान्य, पण निष्कर्ष घाईचा आहे. त्याआधी युनेस्कोच्या पाहणीत २००६ साठी नायजेरियाचे ८७२ चित्रपट मोजले गेले होते, सगळे व्हिडिओवरचे, आणि अमेरिकेचे ४८५. म्हणजे नग मोजले तर नायजेरिया पुढे, पैसे मोजले तर तुलनाच नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवले की खरा प्रश्न दिसतो, की एवढी निर्मिती होऊनही पैसा जातो कुठे? तेव्हा थिएटरं मोजकी, माल बाजारातून सीडीवर विकायचा, मूळ आणि चोरटी कॉपी लागोसच्या एकाच अलाबा मार्केटमध्ये. अशा ठिकाणी निर्मितीला अनुदान द्यायचं की वितरण आणि कॉपीराइटची अंमलबजावणी सुधारायची, हे जीडीपीतल्या टक्क्यावरून कळत नाही, पण साखळीत कोणाच्या हातात किती उरतं ते मोजलं तर कळतं.

कोरा_कागद:
वा, हे कामाचं आहे. मग सॅटेलाइट अकाउंट काढावं का? कोलंबियाचं नाव सगळीकडे दिसतं.

जुना_हिशेबी:
कोलंबियाचं काम चांगलंय, बरीच वर्षं चाललंय, आणि २०१७ च्या त्यांच्या 'नारिंगी अर्थव्यवस्था' (म्हणजे सर्जनशील उद्योगांच्या) कायद्याला मागे आकड्यांचा आधार होता. पण सॅटेलाइट अकाउंट म्हणजे राष्ट्रीय लेख्यांचाच (जीडीपी ज्यातून निघतो त्या हिशेबाचाच) एक भाग उघडून सविस्तर मांडणं. पुरवठा-वापर तक्ते (कोणता माल कुठून येतो आणि कुठे वापरला जातो ते दाखवणारे) जुनाट असतील तर उघडणार काय? तिथे आधी रानवाट म्हणतात ते करावं.

निर्यातीचं तर विचारूच नकोस. बंदरातून गेलेली मूर्ती कस्टमला दिसते, गाण्याची स्ट्रीमिंगची कमाई दिसत नाही. ती आलीच तर देशाच्या परदेशी देण्याघेण्याच्या हिशेबात बौद्धिक संपदेच्या शुल्कात ब्रँड आणि फ्रँचायझीच्या पैशांसोबत मिसळून येते, आणि हक्क परदेशातल्या कंपनीकडे असतील तर ती त्या देशाची निर्यात धरतात. हस्तकलेची निर्यात वाढवा आणि संगीताकडे दुर्लक्ष करा असा सल्ला निघतो तो यातूनच.

रानवाट:
ताई, प्रोजेक्टसाठी एक सुचवतो. एकच देश घ्या, त्याच्या श्रमशक्ती पाहणीची प्रश्नावली बहुतेक वेळा साइटवर मिळते, त्यात दुय्यम कामाचा प्रश्न आहे का आणि कोड किती अंकी आहेत एवढं बघा. रॉ डेटा मिळाला तर मुख्य कामावरून एकदा आणि दुय्यम धरून एकदा असे कलाकार मोजा, दोन आकड्यांतला फरक हाच तुमचा प्रोजेक्ट.

तिरपागडा:
हे मात्र वाचायला आवडेल. झालं की इथे टाका.